मदत हवी आहे : पेट्रोल फवारणी पंप सकाळच्या गारठ्यात रेस घेत नाही

काळी माती
हरभरा फुलोऱ्यात आहे, घाटेअळीची फवारणी अडली आहे. पाठीवरचा टू-स्ट्रोक पंप, २६ सीसी, तिसरे वर्ष. सकाळी आठ-साडेआठला दोरी पंधरा-वीस वेळा ओढावी लागते. चोक लावून चालू होतो, चोक काढला की अर्ध्या मिनिटात बसतो. रेस दिली तर गचके खाऊन तिथेच बंद. अकरानंतर ऊन तापले की बरा चालतो. प्लग नवा टाकला, एअर फिल्टर धुऊन वाळवून बसवला. पुस्तिकेप्रमाणे लिटरला ४० मिली टू-टी ऑइल घालतो. गावात सांगतात की थंडीत ६० मिली घाला. घालू का? कार्बोरेटर उघडायचा तर आधी काय पाहू?

पाना-पेचकस
भाऊ, ऑइल वाढवू नका. ऑइल जास्त झाले की कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, पेट्रोल तेवढे कमी जाते. तुमच्या इंजिनाला आधीच पेट्रोल कमी पडते आहे. चोकवर चालणे आणि चोक काढताच बसणे ही त्याचीच खूण.

सकाळी १० अंश आणि दुपारी २८ अंश धरले तर सकाळची हवा दुपारपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास दाट असते, म्हणजे तिला पेट्रोलही जास्त लागते. त्यात गार पेट्रोलची वाफ नीट होत नाही, थेंब सिलिंडरच्या भिंतीला चिकटून राहतात. पण चांगला पंप दोन मिनिटे हळू चालवला की सावरतो. तुमचा सावरत नाही, म्हणजे पेट्रोलच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे किंवा हवा शिरते आहे. दुपारी तो दोष झाकला जातो, एवढेच. चोक अर्धा ठेवून फवारणी उरकू नका, प्लग आणि सायलेन्सर कार्बनने भरेल.

उद्या सकाळी पंप बसला की लगेच प्लग काढून पाहा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले किंवा ठिणगी कमजोर आहे. प्लगच्या दोन टोकांमधली फट, म्हणजे गॅप, ०.६ ते ०.७ मिमी ठेवा. नव्या प्लगचाही गॅप मोजायचा. मग प्रायमरचा फुगा, म्हणजे कार्बोरेटरजवळचा पेट्रोल ओढणारा रबरी फुगा, दाबा आणि बुडबुडे येतात का ते सांगा.

काळी माती
प्लग कोरडा. फुगा वीस वेळा दाबला तरी बुडबुडे येतच राहतात. टाकीतले पेट्रोल तुरीच्या फवारणीचे आहे, दीड महिना झाला असेल.

पाना-पेचकस
बुडबुडे थांबत नाहीत म्हणजे हवा शिरते आहे. मग कार्बोरेटरच्या आधी पेट्रोलची नळी. टाकीच्या रबरी बुचातून ती बाहेर येते तिथे आणि कार्बोरेटरच्या तोंडाशी बोटांनी वाकवून पाहा. सरळ असताना चीर दिसत नाही, वाकवली की उघडते. टाकीतल्या टोकाचा फिल्टर काळा पडला असेल तर धूत बसू नका, बदला.

नळी चांगली निघाली तरच कार्बोरेटर उघडा. उघडताना प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो घ्या. कार्बोरेटरमध्येच पेट्रोल ओढणारा छोटा पंप असतो, त्या बाजूच्या झाकणाखाली नखाएवढी जाळी असते, तिच्यावर हिरवट चिकटा बसतो. डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, कानाशी धरून हलवा: कडक प्लास्टिकसारखा कडकड वाजला तर गेला, तो कापडासारखा मऊ हवा. थंडीत कडक डायफ्राम आणखी आखडतो आणि पेट्रोल ओढत नाही. नव्या डायफ्राम-गॅस्केटचे किट बसवताना मीटरिंगच्या बाजूला (जिथून इंजिनाला पेट्रोल मोजून जाते) बॉडीवर आधी गॅस्केट, वर डायफ्राम. पंपाच्या बाजूला बॉडीवर आधी डायफ्राम, वर गॅस्केट. बहुतेकांत हाच क्रम असतो, तरी तुमच्या फोटोशी ताडून घ्या. इथेच सर्वांत जास्त चूक होते.

संत्र्याची बाग
पेट्रोलही तपासा. आता पेट्रोल पंपावर मिळते त्यात इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढते. धुवारीच्या दिवसांत अर्धी रिकामी टाकी ठेवली तर हे लवकर होते. पांढऱ्या काचेच्या बाटलीत थोडे काढून पंधरा मिनिटे स्थिर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला किंवा सगळे गढूळ दिसले तर ते वापरू नका. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून गारठ्यात ते आणखी अडते. ऑइल घातलेले मिश्रण महिन्याच्या आत संपवा, एका वेळी दोन लिटरच बनवा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: जेट, नळी किंवा नोझल तोंडाने फुंकू नका, ओढू नका. त्यावर औषध बसलेले असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली आहेत. सायकलचा हवा भरायचा पंप वापरा.

काळी माती
नळी बुचाजवळ चिरली होती. नळी आणि फिल्टर बदलले, ताजे मिश्रण टाकले. फुगा आठ वेळा दाबल्यावर बुडबुडे थांबले. आज सकाळी सहाव्या ओढीला चालू झाला, चोकशिवाय टिकतो. एकदम रेस दिली तर मात्र अजून क्षणभर अडखळतो.

पाना-पेचकस
आता स्क्रूला हात लावायला हरकत नाही. कार्बोरेटरवर एल (कमी रेसचे पेट्रोल) आणि एच (पूर्ण रेसचे पेट्रोल) असे दोन स्क्रू असतील तर एल फक्त फेऱ्याचा आठवा भाग उलटा, म्हणजे बाहेर फिरवा. इंजिन गरम करूनच, आणि रेस देऊन पाहा. तरी अडखळला तर आणखी तेवढाच. एच ला हात नको, तो आत गेला तर पेट्रोल कमी पडून पूर्ण रेसवर पिस्टन जाम होतो.

सहा ओढी जास्त आहेत. चोक पूर्ण लावून ओढा, पहिला ‘फट्’ आला की चोक अर्धा करा. तिथे चुकून पुढे ओढत राहिले की पेट्रोल भरते. भरलेच तर स्विच बंद, प्लग काढा, चोक पूर्ण उघडा, रेस पूर्ण द्या आणि दोरी पाच-सहा वेळा ओढा. प्लग पुसून बसवा. चालू झाल्यावर दोन मिनिटे हळू चालवून मगच पाठीवर घ्या.

संत्र्याची बाग
आणि आठला निघायची घाई नको, भाऊ. हरभऱ्यावर दव असताना औषध ओघळून जाते. दव उतरू द्या, तोवर पंपही गरम होतो.

काळी माती
एल आठवा भाग फिरवला, अडखळणे गेले. चोक अर्ध्यावर आणून दुसऱ्या ओढीला लागला. उद्या दव उतरल्यावर वावरात उतरतो.