रिसेप्शनच्या टेबलावर घरी केलेले फोटो: हौस की नसता उपद्व्याप?

निशिगंध
भाचीचं लग्न डिसेंबरात आहे. सकाळी विधी, संध्याकाळी सिंहगड रस्त्यावरच्या एका लॉनवर रिसेप्शन, २२ गोल टेबलं. डेकोरेटरने प्रत्येक टेबलावर उंच काचेची फुलदाणी सुचवली. भाडं ऐकून ताई गप्पच झाली. म्हणून सेंटरपीस घरीच करू म्हणते, फोटोंचे. पण नवरानवरीचे नाही हं, त्यांचं प्री-वेडिंग स्क्रीनवर रात्रभर फिरणारच आहे. ज्या टेबलावर जे बसतील त्यांचे जुने फोटो. ताईच्या ऑफिसच्या मैत्रिणींपुढे त्यांची महाबळेश्वरची सहल, भावोजींच्या गावच्या मंडळींपुढे ओट्यावर ओळीने बसलेली पोरं. नुसतं "जेवलात का?" विचारून एकमेकांकडे बघत बसण्यापेक्षा लोक बोलतील तरी. मला कल्पना आवडलीय, घरात मात्र दोन तट पडलेत. तुम्हाला काय वाटतं?

पेठेतला काका
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. फोटो, भोवती फुलं, पुढे मिणमिणता दिवा. हे दृश्य आपल्याकडे कुठे दिसतं ते मी सांगायला हवं का? आमच्या पुतण्याच्या रिसेप्शनला असंच केलं होतं. फ्रेममध्ये आजोबा, बाजूने पांढरी शेवंती. आजोबा धडधाकट, पहिल्या रांगेत आइस्क्रीम खात बसलेले. एका पाहुण्याने वहिनीला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "कधी झालं?"

रुखवत
काका, ऑफिसात मोठ्याने हसले! पण यात फोटोचा दोष नाही, मांडणीचा आहे. एकच माणूस, उभी फ्रेम, पांढरी फुलं, समोर दिवा, असं केल्यावर दुसरं काय होणार? धाकट्या बहिणीच्या वेळी मी १८ टेबलांचे केले होते, एकानेही असला प्रश्न विचारला नाही.

आम्ही फ्रेम वापरलीच नाही. जाड पुठ्ठ्याची साडेबारा इंच लांब, सहा इंच उंच पट्टी घ्यायची. दर चार इंचांवर मोडायची आणि उरलेला अर्धा इंच आत चिकटवायचा, की तिकोनी खांब उभा राहतो. प्रत्येक बाजूला ४×६चा एक फोटो बरोब्बर बसतो. गोल टेबलावर कुणाच्याही वाट्याला नुसती पाठ येत नाही आणि उंची सहाच इंच, त्यामुळे समोरच्याचा चेहरा झाकत नाही. तीनही फोटो घोळक्याचे निवडा. आत तांदळाची छोटी पुरचुंडी ठेवा, नाहीतर लॉनवरच्या वाऱ्याने नऊ वाजेपर्यंत सगळे आडवे.

प्रिंट मॅट काढा, झगमगत्या दिव्यांत ग्लॉसीवर नुसती चमक दिसते. आणि लॅबमधूनच. घरच्या इंकजेटवर थंड पाण्याची बाटली टेकली की शाई पसरते. नातेवाइकांना सांगा, फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एरवी तो दाबून बारीक होतो. ४×६ला १२०० × १८०० पिक्सेल असले की छान येतो.

चिमटा
पुठ्ठ्याचं गणित चोख. पण मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. कोण कुठल्या टेबलावर बसणार हे आपल्याकडे ठरतं कधी? पाहुणा येतो, आधी स्टेजच्या रांगेत अर्धा तास उभा राहतो, पाकीट देतो, फोटो काढतो, मग बुफेच्या रांगेत. ताट भरल्यावर जिथे खुर्ची रिकामी तिथे बसकण. म्हणजे महाबळेश्वरच्या सहलीपुढे नवरदेवाच्या जिममधली चार मुलं पनीर खात बसणार आणि ताईच्या मैत्रिणी लांब, पंख्याखाली. हौसेला माझी ना नाही, पण ही कल्पना ज्या पायावर उभी आहे तो पायाच आपल्या रिसेप्शनला नाही.

एडिसनकर
चिमटा यांच्याशी सहमत, आणि तेही अनुभवाने. आमच्याकडे न्यू जर्सीत मुलीच्या लग्नात नेमकं हेच केलं आणि जमलं. पण इथे कोण येणार ते आधी पक्कं कळवतात, हॉलला आकडा द्यावा लागतो, प्रत्येकाच्या नावाचं टेबल ठरलेलं असतं. आम्ही टेबलांना नंबरऐवजी गावांची नावं दिली होती, मिरज, चिपळूण, वाई अशी. मिरजेच्या टेबलावर माझ्या आत्याचे दोन वर्गमित्र चाळीस वर्षांनी शेजारी बसले. पुण्यात बसायच्या जागा कुणी वाटून दिल्या तर पाहुणे म्हणतील, ही काय परीक्षा आहे का?

मेंदीचे हात
हे करणार कोण, ते कुणी सांगेल? माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री आई, दोन माम्या आणि माझी बिचारी वहिनी दीड वाजेपर्यंत ग्लू गन घेऊन बसल्या होत्या. पुरुषमंडळी बाहेर "वा, छान होतंय" म्हणत चहा पीत होती. मी मेंदीचे हात वर धरून नुसती बघत होते. डेकोरेटरच्या भाड्यात जे वाचलं ते त्या चौघींच्या झोपेतून वाचलं.

आणि एक. कार्यक्रम संपला की आवरणारी माणसं टेबलक्लॉथची चारही टोकं धरून गाठोडं बांधतात. खरकटं, ग्लास, फोटो, सगळं एकत्र. मावशीने हौसेने आजीचा मूळ कृष्णधवल फोटो ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सापडला, तर्री लागलेला. अजून जखम ओली आहे.

रुखवत
अरेरे. मूळ फोटो घराबाहेर नेऊच नये, याला माझेही दोन्ही हात वर. खिडकीशी, फ्लॅश बंद करून, फोन अगदी समांतर धरून त्याचा फोटो काढायचा आणि तो प्रिंट करायचा. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधून तर ओढून काढूच नका, फाटतो. वरचं प्लॅस्टिक उचलून पानावरच टिपा. रात्रीच्या जागरणाबद्दल मात्र बोलायला तोंड नाही. आमच्याकडेही बायकाच होत्या.

पेठेतला काका
अजून एक राहिलं. जुन्या घोळक्यात कोण कोण असतं ते नीट बघा. मोडलेल्या संसारातला जावई, बोलणं बंद असलेला चुलतभाऊ. आणि ज्यांचा एकही फोटो नाही त्यांचं काय? मुलाकडच्यांना वाटायचं, आमचं कुणी धरलंच नाही. रुसवे काढता काढता पूजेचा दिवस उजाडेल.

निशिगंध
बाप रे. काल रात्री सगळं ताईला वाचून दाखवलं. चिमटा, तुमचा मुद्दा लागला. सबंध रिसेप्शनमध्ये माणसं एकाच ठिकाणी हमखास थांबतात, स्टेजच्या रांगेत. मग फोटो तिथेच, रांगेच्या कडेने सुतळीवर, लाकडी चिमट्यांनी. कुणी कुठेही उभं असलं तरी पुढे सरकत सगळे बघणार. तिकोनी खांब फक्त चार टेबलांवर, जिथे आजीआजोबांच्या जागा आम्ही राखून ठेवतोच. बारा प्रिंट, एका दुपारचं काम. व्याह्यांकडून तेवढेच फोटो मागवलेत आणि लावण्याआधी यादी दोन्ही घरी दाखवणार. कापाकापी भावोजी आणि भाचा करणार आहेत, हे ताईने परस्पर जाहीर केलं. भावोजींना अजून माहीत नाही.

पेठेतला काका
आणि फुलं?

निशिगंध
झेंडू, काका. दिवा नाही.

चिमटा
रांगेत उभं राहून पाय दुखले की मी तुमच्या ओट्यावरच्या पोरांना दोष देईन.