विमा कुठल्या मालकाचा?
क्लेम नंबर आणि ॲडजस्टरचा (विमा कंपनीत दावा हाताळणाऱ्याचा) फोन मिळाला की वर्कर्स कॉम्पचं, म्हणजे कामावरच्या दुखापतीसाठी मालकाने काढलेल्या विम्याचं, इनटेक (पेशंटची सुरुवातीची नोंद) झालं, असं कुणी म्हणेल. तेवढ्याने भागत नाही. अमेरिकेतल्या क्लिनिकची बिलिंग आम्ही पुण्यातून नाइट शिफ्टला करतो, आणि फायली अडकतात त्या भलत्याच कारणाने. फ्रंट डेस्कवर विचारतात, 'कुठे काम करता?' पेशंट बिचारा आजची नोकरी सांगतो. पाठ दुखावलेली असते आधीच्या गोदामात! विमा लागतो तो दुखापतीच्या दिवशी जो मालक होता त्याचा. बिल परत, मग आमची फोनाफोनी.

तसंच सीएमएस-१५०० फॉर्मचा, म्हणजे क्लिनिक विमा कंपनीला बिल पाठवतं त्या फॉर्मचा, रकाना १४. तिथे दुखापतीची तारीख हवी. व्हिजिटची तारीख ठोकलेली इतक्यांदा पाहिलीय, की फाइल उघडली की मी आधी तिथेच बघतो.