तुमचं मत मोबाईलमुळे बदललं का? अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. जाहीर प्रचार १८ च्या संध्याकाळीच थांबला, भोंगे बंद झाले. पण १९ च्या रात्री आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका उमेदवाराची ऑडिओ क्लिप फिरली. आवाज त्याचाच की बनवलेला, कुणाला ठाऊक नव्हतं. सकाळी रांगेत मात्र तोच विषय. आधी ठरवलेलं मत मी त्या रांगेत बदललं, ते मला अजून टोचतंय. तुमच्या बाबतीत असं काही झालंय का? पक्षाचं नाव न घेता लिहा.

*

आमच्याकडे उलटं झालं. मी कांदा पिकवतो, निफाड तालुक्यात. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी लागली आणि आमच्या ग्रुपवर जो तो आपापल्या हिशेबपट्टीचा, म्हणजे कांदा विकल्याच्या पावतीचा, फोटो टाकू लागला. बंदीआधीची पट्टी, नंतरची पट्टी. ४ मे ला बंदी उठली म्हणून टीव्हीवर गाजावाजा झाला. टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के शुल्क लावलंय, हे मला ग्रुपवरच कळलं. आमचं लोकसभेचं मतदान २० मे २०२४ ला. तोवर माझं मत पक्कं झालं होतं, आणि त्याचा मला पस्तावा नाही.

*

पुणे, पहिलंच मतदान. एका नेत्याच्या चार रील पाहिल्या, मग दिवसभर तोच. माझ्या मतदारसंघात आणखी कोण उभं आहे ते यंत्रावरच वाचलं.

*

मी धुळे जिल्ह्यातला. १ जुलै २०१८ ला राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली ती त्याच महिन्यात. म्हणून निवडणुकीत एखाद्या समाजाची भीती घालणारा व्हिडिओ आला की मी पाठवणाऱ्याला सरळ फोन लावतो. कुठलं गाव, कधीचं, तुला कुणी पाठवलं? मामा चिडून ग्रुपमधून बाहेर पडले. दिवाळीलाही धड बोलले नाहीत. तरी मी विचारणं सोडणार नाही.

*

न्यू जर्सीहून लिहितेय. यादीत नाव असलं तरी मतदानाला केंद्रावर स्वतः यावं लागतं, त्यामुळे माझं मत राहूनच जातं. पण साताऱ्याला आईला मी प्रचाराचे व्हिडिओ पाठवायचे. मतदानाच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, "तू पाठवलंस म्हणजे खरंच असणार ना गं?" तो व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिलाही नव्हता.