शोरूमच्या सर्व्हिसवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा?

घाटवाट
कालची ती पोस्ट वाचून डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतोय. म्हणणं थोडक्यात असं, की गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्यावी, किल्ली देऊन सरळ घरी जावं, आणि काम चालू असताना शेजारी उभं राहून बघणारी गिऱ्हाइकं म्हणजे संशयी आणि चिंधी. चिंधी? अहो बिल मी भरतोय आणि माझ्याच गाडीचं बॉनेट उघडलेलं मी बघायचं नाही?

गेल्या सर्व्हिसला बिलात नवीन एसी फिल्टरचे पैसे लावले होते. घरी येऊन ग्लोव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी दाबून खाली सोडला, मागचं झाकण काढून फिल्टर ओढला तर काळाकुट्ट, आणि घड्यांमध्ये आमच्या सोसायटीतल्या कडुनिंबाची वाळकी पानं जशीच्या तशी. फोन केला तर ॲडव्हायजर म्हणतो 'सर, सिस्टीममध्ये तर चेंज दाखवतंय'. दुसऱ्या दिवशी जाऊन समोर धरला तेव्हा निमूट बदलून दिला, सॉरी वगैरे काही नाही. हा फिल्टर हाताने निघतो म्हणून कळलं तरी. ब्रेक ऑइल, कूलंट खरंच बदललं का हे कोण बघणार? मी तर उभा राहणार, जुने पार्ट मागणार आणि जॉब कार्डवर, म्हणजे गाडी देताना सही करतो त्या कामांच्या यादीवर, नसलेलं काम बिलात आलं तर पैसे देणार नाही.

डिझेलवाला सातारा
एका फिल्टरवरून सगळ्यांना चोर ठरवू नका. माझी बीएस6, म्हणजे 2020 च्या प्रदूषण नियमांची, डिझेल आहे. डीपीएफचा, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला म्हणून मेहुण्याच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे नेली, माणूस जुना, हात चांगला, पण म्हणतो काय तर साहेब तो डबाच काढून टाकू, कटकट मिटेल. अहो मग वॉरंटीचं काय, आणि धूर कुणी खायचा? शेवटी सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून रीजनरेशन केलं, म्हणजे आत साठलेली काजळी जाळली, दिवा गेला. 2020 नंतरच्या गाड्या नुसत्या पाना-पक्कडवर दुरुस्त होत नाहीत. आणि आधीच्या गाडीला याच गॅरेजमधल्या पोराने चेंबरचा नट इतका आवळला की आटे गेले, खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडे ऑइलचा दिवा लागला, टोचन करून आणावी लागली. तेव्हा कुठे होते तुमचे विश्वासू लोक?

पाना पक्कड
स्कॅनर बाहेर मिळत नव्हते कारण कंपन्या देत नव्हत्या! 2014 साली कॉम्पिटिशन कमिशनने (कंपन्यांची मक्तेदारी रोखणारा सरकारी आयोग) 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड ठोकला तो याचसाठी, की ओरिजिनल पार्ट आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजपर्यंत पोचूच देत नाहीत. बाहेर काम केलं एवढ्याच कारणावरून वॉरंटी रद्द करू नका हेही त्याच आदेशात आहे. तरी काउंटरवर अजून तीच भीती घालतात आणि सातारकरांसारखे शिकलेले लोक घाबरतात.

डिझेलवाला सातारा
घाबरत नाही, हिशोब करतो. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे नुकसान झालं तर कंपनी नाही म्हणू शकते, हे पण सांगा की. इंजिनचं काम निघालं आणि कंपनीने हात वर केले तर ग्राहक आयोगात तारखांना तुम्ही येणार का?

माजी ॲडव्हायजर
काही वर्षं त्या काउंटरवर होतो म्हणून बोलतो. सकाळी गाड्यांची रांग, आणि डोक्यावर जादा कामं विकायचं टार्गेट: अंडरबॉडी कोटिंग, इंजेक्टर क्लिनिंग, एसी डिसइन्फेक्शन, टेफ्लॉन. ठरलेला आकडा झाला नाही की मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करायचे. डीलरच्या मालकाला कुणी धरत नाही, पोरांना धरता. वर फीडबॅकचा कॉल येतो आणि गिऱ्हाईक 'छान होतं' म्हणत दहापैकी आठ देतं. आमच्याकडे आठ म्हणजे नापास. इन्सेंटिव्ह गेला.

कोथरूडची मावशी
आठ म्हणजे नापास हा नियम तुमच्या कंपनीचा, मी का सांभाळू? किल्ली हातात द्यायच्या आधी सुरू, 'मॅडम दहाच द्या हां, नाहीतर पगार कापतात'. मी एकटी गेले की बिलात इंजेक्टर क्लिनिंग हमखास. गाडीच्या पुस्तकातल्या तक्त्यात ते कामच नाही, मी शोधलं. आमचे हे बरोबर असले की तोच माणूस प्रत्येक गोष्ट विचारून लिहितो. आणि दहा मागता?

माजी ॲडव्हायजर
ताई, मग शून्य द्या पण कारण सांगा. न विचारता काय गळ्यात मारलं ते कॉलवर बोला. आठ देऊन गप्प बसलात तर फक्त त्या पोराचं नुकसान होतं, टार्गेट लावणाऱ्याचं काही जात नाही.

पाना पक्कड
म्हणजे तुमचा पगार वाचवायला आम्ही खोटे मार्क द्यायचे?

माजी ॲडव्हायजर
खोटे द्या असं कुठे म्हटलं? नीट वाचा आणि मग बोला. बारा हजारात भर उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली पिटवर उभं राहणारी आयटीआयची पोरं मी बघितलीत, तुम्ही फक्त एसी लाउंजमधली कॉफी बघितलीत.

घाटवाट
पोरांशी माझं भांडण नाही हो. पण बदललेला म्हणून लिहिलेला फिल्टर बदललेला नव्हता, त्याचं उत्तर टार्गेटमध्ये नाही. टार्गेट जादा विकायचं होतं, पैसे घेऊन काम न करण्याचं नव्हतं.

माजी ॲडव्हायजर
त्याला उत्तर नाही, ती चोरीच. जॉब कार्डवर सही करताना अंदाजे खर्चाचा रकाना कोरा सोडू नका. 'विचारल्याशिवाय जादा काम नको' आणि 'जुने पार्ट डिकीत ठेवा' हे पेनाने लिहून घ्या, फोटो काढा. लिहिलेलं असलं की सहसा कुणी वाटेला जात नाही.

डिझेलवाला सातारा
जुने पार्ट मागायचे, ठीक, तेवढं मान्य. गाडी मात्र मी सर्व्हिस सेंटरलाच नेणार.

कोथरूडची मावशी
माझी सर्व्हिस पुढच्या महिन्यात आहे, हे लिहूनच घेते. आणि कॉल आला की इंजेक्टरचं पहिलं सांगणार.