श्रेय वाटायचं म्हणजे नक्की काय वाटायचं?

उपासाचा_फराळ (धागाकर्ता): कालच्या क्रिकेटच्या धाग्यावर एका महाशयांनी लिहिलं, "द्रविडने पैसे कमी घेतले ती निव्वळ प्रतिमेची काळजी. बोलणी जो खातो, श्रेय त्याचंच." दोनदा उत्तर लिहून खोडलं, आता राहवत नाही.

२०१८ ला एकोणीस वर्षांखालच्या पोरांनी विश्वचषक जिंकला. बोर्डाने त्यांचा प्रशिक्षक द्रविडला ५० लाख, पोरांना ३० आणि बाकी सपोर्ट स्टाफला २० लाख जाहीर केले. आम्हा लोकांत हा फरक कशाला, असं द्रविडचं म्हणणं पडलं. शेवटी स्टाफमध्ये सगळ्यांना २५. म्हणजे याचे निम्मे गेले. "हे सगळं टीममुळे" असं माइकवर म्हणायला काय जातं? इथे खिशातून गेलेत.

आणि बोलणी खाण्याचंच म्हणाल, तर १९७९ ला इस्रोचं एसएलव्ही-३ रॉकेट समुद्रात गेलं तेव्हा पत्रकारांसमोर प्रकल्पप्रमुख कलामांऐवजी सतीश धवन बसले. १९८० ला यान नीट गेलं, तेव्हा म्हणाले, कलाम, आता तुम्ही बोला. हा किस्सा खुद्द कलामांनीच कितीदा तरी सांगितलाय. बोलणी एकाला, श्रेय दुसऱ्याला. बसवा तुमच्या नियमात.

खडूस_अकाउंटंट: ते महाशय मीच. धवन तेव्हा इस्रोचे अध्यक्ष होते. द्रविड कसोटीत तेरा हजारांवर धावा करून मोकळा झालेला. ज्याचं पोट भरलंय त्याला उपास झेपतो. (तुमचं टोपणनाव बघा.) मी एका कंपनीत तीन वर्षं दर मार्चला रात्र-रात्र बसून ताळेबंद जुळवला आणि सगळ्यांसमोर "टीमने केलं" म्हणत राहिलो. अप्रेझलला साहेब म्हणाले, तुझं स्वतःचं काय ते सांग. तेव्हा टीम मागे उभी नव्हती हो.

उपासाचा_फराळ: यात चूक श्रेय वाटणाऱ्याची की साहेबाची?

खडूस_अकाउंटंट: चूक कोणाची का असेना, इन्क्रिमेंट माझं गेलं.

थर_पहिला: क्रिकेट सोडा, दहीहंडी घ्या. सात वर्षं सगळ्यात खाली उभा राहिलो. मान खाली, कानात कोणाची तरी पोटरी, समोर फक्त डांबर. हंडी फुटलेली आम्हाला दिसतच नाही. मानेवर दह्याचं थंड पाणी आलं की कळतं, फुटली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो एक्क्याचा, म्हणजे सगळ्यात वर चढलेल्या पोराचा.

तायडी_ठाणेकर: पोराला फोटो मिळाला म्हणून जळता? तो वरून पडला की काय होतं माहितेय? चौदा वर्षांची अट उगाच नाही घातली.

थर_पहिला: जळत नाही ताई. आमचा एक्का पंधराचा होता, आधार कार्ड बघून घेतलेला.

तायडी_ठाणेकर: आधार कार्डाने हाड जुळतं का? माझ्या भाच्याचा हात दोन ठिकाणी मोडला. आयोजकांचा फोन बंद. रिक्षाचे पैसेसुद्धा माझ्या बहिणीने दिले.

थर_पहिला: ते पथक आमचं नव्हतं. सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आता विमा असतो.

तायडी_ठाणेकर: विमा म्हणे! सरकारने २०२२ ला जाहीर केलं, गोविंदा मेला तर दहा लाख. त्यासाठी मरायचं का? फ्लेक्सवर नेता हात जोडून उभा, प्लास्टर आमच्या भाच्याला.

गप्प_वाचक: मूळ विषय कोणाला आठवतोय का?

तायडी_ठाणेकर: तुम्ही गप्पच राहा.

उपासाचा_फराळ: खडूसराव, तुमच्याच नियमाने श्रेय त्या भाच्याचं व्हायला हवं. सोसलं त्याने. फ्लेक्सवाल्याने काय खाल्लं? वडापाव?

खडूस_अकाउंटंट: हं. तेवढं मान्य. फक्त भाच्यापुरतं. द्रविडचं नाही.

गप्प_वाचक: २०२४ च्या टी-२० विश्वचषकानंतरही त्याने पाच कोटींऐवजी बाकी प्रशिक्षकांइतकेच अडीच घेतल्याच्या बातम्या होत्या.

खडूस_अकाउंटंट: अडीच कोटींत मीही नम्र होईन. द्या, बघा होतो की नाही.

तायडी_ठाणेकर: थरवाले दादा, चिडून बोलले, पण एक सांगा. बक्षीस लागलं तेव्हा तुमचं नाव तरी आलं का कुठे?

थर_पहिला: माझं कुठलं ताई? पथकाचं आलं होतं फ्लेक्सवर. अगदी खाली, छापखान्याच्या फोन नंबरच्या जरा वर.