‘फंक्शन’ला मराठीत काय म्हणावे? आणि प्रोग्रॅमची ‘फोड’ की ‘विघटन’?

प्रश्न : प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपणे लिहीत आहे. मोठा प्रोग्रॅम छोट्या छोट्या फंक्शनमध्ये, म्हणजे एकेक काम करणाऱ्या, नाव दिलेल्या तुकड्यांमध्ये, कसा मांडावा, हा धडा चालू आहे. फंक्शनसाठी कुठे ‘फलन’ तर कुठे ‘कार्य’ वाचले. अशा मांडणीला, म्हणजे डीकंपोझिशनला, ‘विघटन’ चालेल का?

उत्तर : ‘विघटन’ नको. विघटन झाले की मूळ वस्तू उरत नाही; पाला कुजतो ते विघटन. ‘फोड’ घ्या. संधीची फोड केली की दोन्ही शब्द आपापल्या जागी अर्थ देतात आणि पुन्हा जोडले की मूळ शब्द मिळतो. फंक्शनकडून नेमके हेच हवे असते. प्रत्येक तुकडा एकटा चालवून तपासता आला पाहिजे. शंभर ओळींचा प्रोग्रॅम मधोमध कापून दोन भागांना नावे दिली, तर ती फोड नव्हे.

‘फलन’ गणितात शोभते. तिथे तीच संख्या दिली की तेच उत्तर येते. प्रोग्रॅममधले फंक्शन मात्र फाइलमध्ये लिहिते, पडद्यावर छापते, काही वेळा उत्तर देतच नाही. पास्कल या प्रोग्रॅमिंग भाषेत (१९७०) यासाठी दोन वेगळे शब्द होते : उत्तर देणारे ते फंक्शन, नुसते काम करणारी ती प्रोसिजर. सी भाषेने दोन्हींना फंक्शनच म्हटले. ‘कार्य’ तर फारच सैल. ‘हे कार्य दोन कार्ये करते’ असली वाक्ये लिहावी लागतील. सगळे बोलताना ‘फंक्शन’च म्हणतात, तेच लिहा.

प्रश्न : पटले. आणि रिटर्न, म्हणजे फंक्शनने काढलेले उत्तर ते वापरणाऱ्याच्या हाती देणे? ‘परत करते’ लिहिले की काहींना ‘पुन्हा करते’ असे वाटते.

उत्तर : ‘मूल्य परत देते’ लिहा, म्हणजे घोळ होणार नाही. या शब्दावर मात्र धड्यात भरपूर जागा द्या, कारण नवशिक्यांची खरी अडचण इथेच असते. परत देणे आणि छापणे त्यांना एकच वाटते.

समजा गुण आहेत ६०, ७० आणि ८०. ‘सरासरी’ हे फंक्शन ७० छापते, पण परत देत नाही. पडद्यावर ७० दिसल्यामुळे सगळे बरोबर वाटते. पुढे सरासरीपेक्षा जास्त गुण कोणाला, हे मोजणारे फंक्शन लिहायला घेतले की गाडी अडते. ते ७० त्याच्या हाती लागतच नाहीत. पायथॉन भाषेत तिथे ‘नन’ (None, म्हणजे ‘काहीच नाही’) येते आणि संख्येशी तुलना करताच चूक दाखवली जाते. म्हणून हिशेब करणाऱ्या फंक्शनने मूल्य परत द्यावे आणि छापायचे काम दुसऱ्याकडे सोपवावे. एवढे एक वळण लागले तरी निम्मी फोड आपोआप नीट होते.

आणखी एक : नावांबद्दल थोडे. पायथॉन ३ मध्ये फंक्शनची नावे देवनागरीत देता येतात, त्यामुळे सरावासाठी मराठी नावे जरूर द्यायला लावा. काम करणाऱ्याला आज्ञार्थी नाव शोभते : ‘गुण_वाच’, ‘निकाल_छाप’. मूल्य देणाऱ्याला नाम पुरते : ‘सरासरी’. ‘गुण_वाच_आणि_सरासरी_काढ’ असे नाव सुचले, तर तो ‘आणि’च सांगतो की फोड कुठे करायची.

प्रश्न : मग प्रत्येक ओळीचे वेगळे फंक्शन करायचे का?

उत्तर : मुळीच नाही. दोन संख्यांच्या बेरजेला फंक्शन करून वाचणाऱ्याला उगाच वर-खाली फिरवू नका. तोच हिशेब दुसऱ्यांदा लिहावा लागला, किंवा काही ओळी वाचून ‘इथे नेमके काय चाललंय’ असा प्रश्न पडला, की त्या ओळी बाहेर काढा आणि त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जे सुचेल, तेच फंक्शनचे नाव ठेवा.