शनिवारचा सिनेमा आणि पोस्टरवरची ओळ

वैशाली (बी-३०४): सांस्कृतिक समितीला नम्र विनंती. शनिवारी गच्चीवर 'द गॉडफादर' हा माफिया टोळीवरचा सिनेमा दाखवताय, हरकत नाही. पण पोस्टरवर 'कुटुंब, निष्ठा आणि इज्जतीची महागाथा, सहकुटुंब या'? ही ओळ कोणाला सुचली?

साठे काका (ए-१०२): मला. १९७२ चा ऑस्करविजेता सिनेमा आहे. बापासाठी पोरगा काय करतो ते आजच्या पोरांनी बघावं.

वैशाली (बी-३०४): खून करतो काका. दुसऱ्या भागात तर सख्ख्या भावालाच संपवायला सांगतो.

निनाद (सी-५०१): ताई स्पॉयलर!! 😡

वैशाली (बी-३०४): पन्नास वर्षं झाली रे त्याला.

पाटील (ए-६०३): माणशी १०० रु. वर्गणी ऐच्छिक आहे की सक्तीची? कृपया खुलासा व्हावा.

निनाद (सी-५०१): गंमत म्हणजे पहिल्या भागात 'माफिया' शब्द कुठेच नाही. इटालियन लोकांची बदनामी होते म्हणून जोसेफ कोलंबोच्या इटालियन-अमेरिकन हक्क संघटनेने निर्मात्याला तो काढायला लावला. आणि हा कोलंबो स्वतः न्यूयॉर्कच्या पाच टोळ्यांपैकी एकीचा म्होरक्या!

देशमुख (सी-२०२): आपल्या इतिवृत्तातून 'थकबाकी' शब्द गेला, तसंच की 😂

गोखले, खजिनदार: देशमुख, तो विषय सर्वसाधारण सभेत संपलाय. उगाच उकरून काढू नका.

देशमुख (सी-२०२): संपला की संपवला?

मृणाल (बी-४०३): साठे काका, राग मानू नका, पण इटलीतल्या सिसिली बेटावर ज्युसेप्पे दी मात्तेओ नावाचा मुलगा होता. त्याचा बाप सांतिनो माफियातलाच. माफियाचा तपास करणाऱ्या न्यायाधीश फाल्कोनेंना १९९२ मध्ये कापाची गावाजवळ बॉम्बने उडवलं, त्या कटात तोही होता. पुढे पकडला गेला आणि बोलायला लागला. त्याचं तोंड बंद करायला १९९३ मध्ये त्याच्या १२ वर्षांच्या पोराला घोड्यांच्या तबेल्यातून उचललं. आलेली माणसं पोलिसांच्या वेषात होती, वडिलांकडे नेतो म्हणाली. पोरगा हरखून निघाला. ७७९ दिवस ठिकठिकाणी डांबला, शेवटी गळा आवळला आणि प्रेत ॲसिडमध्ये विरघळवलं. हुकूम ब्रुस्काचा, म्हणजे कापाचीच्या कटातल्या बापाच्या जोडीदाराचाच.

शिंदे काकू (ए-३०१): अगं बाई. जेवताना वाचलं मी हे.

साठे काका (ए-१०२): ही नंतरची बिघडलेली मंडळी. जुने लोक बायकापोरांना हात लावत नसत.

मृणाल (बी-४०३): हे त्यांनीच पसरवलंय काका. सिसिलीच्या माफियातला तोम्मासो बुशेत्ता जुन्यातलाच ना? १९८२ मध्ये त्याचे दोन मुलगे नाहीसे केले, मग भाऊ, जावई. बाहेरच्या कुणी नाही, त्याच संघटनेतल्या कोर्लेओने गावच्या गटाने. १९८४ मध्ये तो फाल्कोनेंसमोर बोलला तो त्यानंतर. मग सिसिलीची राजधानी पालेर्मोत माफियावर जो महाखटला चालला, त्यात ३३८ जण दोषी ठरले.

साठे काका (ए-१०२): पण बुशेत्ताच म्हणायचा ना, मी फितूर नाही, त्यांनी तत्त्वं सोडली? म्हणजे तत्त्वं होती!

वैशाली (बी-३०४): आयुष्य त्यातच गेलं त्याचं, तो दुसरं काय म्हणणार?

पाटील (ए-६०३): वर्गणीबाबत अद्याप खुलासा नाही. ऐच्छिक की सक्तीची?

देशमुख (सी-२०२): पाटील, भरून टाका. नाहीतर साठे काका सिनेमातल्या डॉनसारखा 'नाही म्हणताच येणार नाही' असा प्रस्ताव देतील 😂

मृणाल (बी-४०३): हसू नका. पालेर्मोचे कारखानदार लीबेरो ग्रास्सी यांनी खंडणी देणार नाही असं वर्तमानपत्रात जाहीर लिहिलं. इतर उद्योजकांनी साथ दिली नाही. २९ ऑगस्ट १९९१ ला घराजवळ गोळ्या घातल्या. २००४ मध्ये काही तरुणांनी शहरभर कागद चिकटवले, खंडणी भरणाऱ्या जनतेला प्रतिष्ठा नसते म्हणून. इज्जत हवी तर ती तिथे आहे, काका.

गोखले, खजिनदार: वर्गणी ही खंडणी नव्हे, याची सर्वांनी नोंद घ्यावी. पाटील, ऐच्छिक आहे. वडापाव मात्र भरणाऱ्यांनाच.

साठे काका (ए-१०२): ३० वर्षं या सोसायटीसाठी राबतोय, आता मी खुनी लोकांचा भक्त ठरलो. छान.

शिंदे काकू (ए-३०१): तसं कोण म्हणालं हो भाऊजी? सिनेमा चांगलाच आहे. ती ओळ तेवढी काढा.

भोईर, सेक्रेटरी: सिनेमा ठरल्याप्रमाणे रात्री ८ ला. ओळ काढतो. लहान मुलांना आणू नये. मृणालताई, आधी दहा मिनिटं तुम्ही हे सगळं सांगा.

साठे काका (ए-१०२): दहाच. मागच्या वेळी योगावर पाऊण तास झाला होता.

भोईर, सेक्रेटरी: आणि खुर्च्या आपापल्या आणाव्यात. गणपतीत सी विंगला दिलेल्या चार अजून परत आलेल्या नाहीत.

देशमुख (सी-२०२): माझं नाव घ्या ना सरळ.